बाबांच्या मुठीचं माप

आमच्या बँकेच्या दारात जो बंदोबस्ताला उभा असतो त्याला आम्ही खांब म्हणतो. हे नाव आधी बापाला होतं, आता मुलीला आहे. बाप होता तोवर नुसतं 'खांब' म्हणून भागायचं. मुलगी आली तेव्हा मागे 'ताई' लावलं आणि आपण तिला फार मोठा मान दिला असं आम्हांला वाटलं. नाव मीच ठेवलं होतं. मी हेड कॅशियर. माझं काचेचं खोकं बरोबर दारासमोर येतं, त्यामुळे मान वर केली की आधी खांब दिसणार आणि मग बाकीचं जग. निम्मी नोकरी मी त्या बापलेकीची तोंडं बघण्यात घालवली आहे, आणि त्या तोंडांवर बघण्यासारखं फारसं काही नसायचं हेही सांगून टाकते.

बाप उंच, रुंद, आणि बोलण्याच्या बाबतीत पक्का कंजूष. त्याला काहीही सांगा, उत्तर एकच: "हं." पगार वाढला, हं. मॅनेजर बदलला, हं. माझी धाकटी शाळेत पहिली आली तेव्हा मी हरखून सांगायला गेले, तेव्हाही हं. मी चिडून म्हटलं, "अहो, मिठाची गुळणी धरलीय का तोंडात?" तर त्यालाही तेच. उजवा हात कमरेच्या रिव्हॉल्व्हरवर ठेवून तो उभा राहायचा. ते रिव्हॉल्व्हर छोटंसं होतं, त्याच्या पंजाखाली दिसायचंसुद्धा नाही. वर्षानुवर्षं समोर बसूनही त्या रिव्हॉल्व्हरची मूठ कशी आहे हे मी कधी पाहिलं नाही, कारण तिच्यावर कायम त्याचा हात असायचा.

एके दिवशी तो आला नाही. खांब गैरहजर, ही बातमीच होती. दुपारी निरोप आला की सकाळी बूट घालता घालता खाली बसला आणि उठला नाही.

आमच्याकडे नोकरीत असताना माणूस गेला तर घरातल्या एकाला कामावर घेतात. घरात एकच होती. आई लहानपणीच गेलेली, लग्न झालेलं नाही, शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बापलेक राहायची. ती आली तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघितलं. चणीने एवढीशी, मनगटं काटकुळी, गणवेशाच्या बाह्या दुमडून दुमडून जाड वळकट्या झालेल्या. शिपाई म्हणाला, "मॅडम, दरोडेखोर आले तर हिला आपणच काउंटरखाली लपवू." सगळे हसले. मीही हसले.

बापाचं रिव्हॉल्व्हर सफाईला मुख्य कचेरीत गेलं होतं, ते परत आलं आणि तिच्या स्वाधीन झालं. नंबर जुळवला, तिने सही केली. मग तिने ते हातात घेतलं आणि मुठीकडे बघतच राहिली. अक्रोडाच्या लाकडाची दोन फळ्यांची मूठ, मध्ये एक स्क्रू, आणि डाव्या अंगाला, जिथे अंगठा येतो तिथे, एक गुळगुळीत खोलगट जागा. तिने त्यात आपला अंगठा ठेवला. तो त्या खड्ड्यात सगळा बुडाला.

"बाबांचा अंगठा," ती म्हणाली. "एवढी वर्षं धरून धरून पडलाय."

त्या दिवसापासून ती दारात उभी राहिली. तसाच उजवा हात, तसाच कमरेवर, आणि अंगठा त्या खड्ड्यात. बापाएवढी मुकी नव्हती ती, पण आपणहून बोलायची नाही. डबा एकटीच खायची. मी तिला जबरदस्तीने माझ्या टेबलाशी बसवायला लागले, कारण एकट्याने जेवणारं माणूस बघितलं की मला चिडायला होतं. माझ्या घरात जेवायला बसलं की कोपराला कोपर लागतं, आणि एकाच वेळी चार जणं बोलतात.

"घरी तरी बोलायचे का गं तुझे बाबा?" मी विचारलं.

"हं म्हणायचे," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. मग तिने खिडकीची गोष्ट सांगितली. जाण्याच्या आधीच्या वर्षी घरातल्या खिडकीची काच फुटली. बाबा बाजारातून लांबी घेऊन आले, काच चौकटीत पक्की बसवायला लावतात ती, कणकेसारखी मऊ. त्यातला एक गोळा तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "दाब. जोरात. मूठ आवळ." तिने आवळली. त्यांनी तिच्या हातातून तो गोळा अलगद काढून घेतला, कागदात गुंडाळला आणि जिना उतरून निघून गेले. काच काही बसली नाही. नंतर त्यांनी तिथे पुठ्ठा लावला.

"अजून पुठ्ठाच आहे," ती म्हणाली.

आम्ही दोघी पोट धरून हसलो. म्हाताऱ्याचा एक स्क्रू ढिला होता, असं मी म्हटलं, आणि तिलाही ते पटलं. त्यानंतर कोणी काही अर्धवट सोडलं की आमच्यात ते "पुठ्ठा लावला" होऊन बसलं.

अशी काही वर्षं गेली. मग बँकेत नवा सुरक्षा अधिकारी आला. त्याच्याआधी नेमबाजीची चाचणी म्हणजे मैदानावर जाऊन सही करायची, चहा प्यायचा आणि परत यायचं. ह्याने ठरवलं की ज्याच्या कमरेला हत्यार आहे त्याला ते चालवता आलं पाहिजे. म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणून तर राग जास्त आला. दहापैकी सहा गोळ्या वर्तुळात लागल्या पाहिजेत. नापास झालात तर महिन्याभराने एक संधी, आणि तीही गेली तर हत्यार जमा. हत्याराशिवायचा गार्ड बँकेला काय कामाचा? म्हणजे नोकरी जमा.

खांबताईच्या दोन लागल्या.

ती परत आली तेव्हा अंगठा आणि बोटाच्या बेचक्यातली कातडी सोलवटून निघाली होती. मी तिला आत घेतलं, मलम लावलं आणि तोंड सुटलं माझं. "अगं, झालं काय? डोळे मिटून झाडल्यास की काय?"

"मूठ मोठी पडते, मॅडम. चापापर्यंत बोट नीट पोचत नाही. झटका बसला की मूठ हातातच फिरते."

"मग बदल ना! दोन फळ्या तर आहेत. एक स्क्रू काढला की हातात येतात. ते काय देऊळ आहे का हलवायला?"

ती मलम लावलेल्या हातावर फुंकर घालत बसली. मग म्हणाली, "बाबांनी कधी माझा हात धरला नाही. शाळेत सोडतानासुद्धा पुढे चालायचे, मी मागे. रस्ता ओलांडताना थांबायचे, मी जवळ आले का बघायचे आणि परत पुढे. ह्याच्यावर अंगठा ठेवला की कोणीतरी हात धरलाय असं वाटतं. घरी गेले की कुलूप काढते, दिवा लावते, रेडिओ लावते. तिथे कोणी नाही. म्हणजे माझा जो काही हात धरला जातो तो इथे, दारात. तेवढाच."

मला ओरडायचं होतं, पण काय ओरडू? नोकरी गेली तर रिव्हॉल्व्हरही जाणार आणि तो अंगठाही जाणार, हे तिला दिसत नव्हतं असं नाही. नोकरी ठेवायची तर तो अंगठा तासायचा, आणि अंगठा ठेवायचा तर नोकरी घालवायची. मी माझ्या काचेच्या खोक्यात जाऊन बसले आणि त्या दिवशी दोन ग्राहकांवर विनाकारण खेकसले.

महिना सरत आला. चाचणी शनिवारी, आणि गुरुवारी सकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. "हत्यारांच्या मुठी बनवतो त्या मूठवाल्याकडे जायचंय. तासून आणते. तुम्हांला यावं लागेल." हत्यार बँकेबाहेर न्यायचं तर सोबत अधिकारी लागतो, असा आमचा नियम. एरवी मी कां-कू केली असती. त्या दिवशी पर्स उचलली आणि निघाले.

कुलपं दुरुस्त करणारे, कात्र्यांना धार लावणारे, असल्या लोकांच्या गल्लीत मूठवाल्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लांबट, काळोखी खोली. दिव्याखाली टेबल, टेबलाला आवळून धरणारा लोखंडी शेगडा, त्यात अडकवलेला लाकडाचा तुकडा, आणि सगळीकडे तपकिरी भुसा. अळशीच्या तेलाचा वास नाकात बसला. मागच्या भिंतीला फळ्या होत्या आणि त्यांवर काहीतरी वेडेवाकडे, मुठीएवढे गोळे ओळीने ठेवलेले. मला वाटलं, वाळलेली फळं असतील.

मूठवाला म्हातारा, चष्म्याच्या दांडीला दोरा बांधलेला, आणि जिभेला हाड नसलेला. बसा म्हणेपर्यंत त्याने स्वतःच्या गुडघ्यांची सगळी हकिकत सांगितली. मग रिव्हॉल्व्हर रिकामं आहे ना ते तीनदा तपासलं, स्क्रू सैल केला, दोन्ही फळ्या उतरवून बाजूला ठेवल्या. मुठीशिवाय ते रिव्हॉल्व्हर अगदी केविलवाणं दिसत होतं.

"किती उतरवायचं ते तुझ्या हातावर," तो म्हणाला. टेप नाही, पट्टी नाही. खालून एक डबा काढला, त्यातून एक मऊ गोळा घेतला आणि तिच्या हातात दिला. "दाब. जोरात. मूठ आवळ."

तिने आवळली. आणि तशीच राहिली.

"सोड आता," मूठवाला म्हणाला.

"हे मी आधी केलंय," ती म्हणाली.

मला ती पुठ्ठ्याची खिडकी आठवली. लांबी. कणकेसारखी मऊ.

मूठवाल्याने गोळा घेतला, दिव्याखाली धरला, फिरवून पाहिला. त्याची बडबड थांबली, आणि तेवढ्यानेच खोली एकदम मोठी वाटली. मग तो उठला, स्टूल घेतलं, गुडघ्यांच्या नावाने कण्हत वर चढला आणि फळीवरच्या गोळ्यांतून एक काढून आणला. दगडासारखा वाळलेला, कडेला तडे गेलेला. त्याने दोन्ही गोळे शेजारी ठेवले. एक ओला, एक वाळका. दोन्हींवर चार बोटांच्या त्याच चार खाचा, करंगळीची तीच तिरकी, उथळ खाच.

"बँकेच्या दारातला तो उंच माणूस," तो म्हणाला. "तुझा कोण?"

"बाबा."

"तरीच. मी माणसं विसरतो, पण असलं काम कसं विसरेन? गिऱ्हाईक इथे बसून गोळा दाबतं, हे तर गोळा घरून घेऊन आले. मी म्हटलं, अहो, हा तुमचा हात नाही. तर म्हणाले..."

"हं," ती म्हणाली.

"हं म्हणाले! बरोब्बर! मी म्हटलं, एवढी बारीक मूठ तुमच्या पंजात लटकेल. गोळी झाडलीत तर हात सोलून निघेल. तेव्हा बोलले. म्हणाले, मी कुठे झाडतो? मी नुसता उभा असतो. मग चपला घालून दारापर्यंत गेले आणि परत आले. म्हणाले, डॉक्टरने सांगितलंय, फार दिवस नाहीत. माझ्या जागी ती उभी राहील. तिच्या हाताला बसायला हवी."

ती त्या वाळक्या गोळ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि भलत्याच गोष्टीवर रागावले. "मग ही एवढी थोरली मूठ कोणाची? ही बसवून का दिलीत हिच्या बापाला?"

"ही त्यांची नाहीच हो बाई!" त्याने बाजूची फळी उचलली. "काम माझंच आहे, पण हे एका आडदांड माणसाचं. तुमच्याच बँकेचा. त्याने हट्ट धरला अंगठ्याला खड्डा हवा म्हणून, तो मी गोल कानशीने खोदला. हे बघा, कानशीच्या रेषा आहेत अजून कडेला."

"तो धरून धरून पडलेला नाही?" तिने विचारलं.

"छे! अक्रोड आहे. जन्मभर धरलं तरी नाही पडणार."

तिचा उजवा हात मांडीवर होता. तिने तो दुसऱ्या हाताने झाकून घेतला. इतकी वर्षं ती एका अनोळखी माणसाच्या अंगठ्यात अंगठा घालून उभी होती. आणि बापाने तिच्या मापाने करून घेतलेली मूठ कुठे होती ते कोणालाच माहीत नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं की मूठवाल्याच्या समोर नाक शिंकरावं लागलं.

मूठवाला कानस घेऊन तयार होता. "नवं लाकूड कापून, बसवून, तेल मुरवायचं तर आठवडा जाईल. ही तासायची तर तासाभरात देतो. सांग."

"तास बाबा तास," मी म्हटलं. "परवा चाचणी आहे."

"नको," ती म्हणाली.

"अगं नको काय? आता तर हा तुझ्या बाबांचा अंगठाही नाही!"

"म्हणूनच. हा दुसऱ्याचा हात आहे, मॅडम. त्यालाही परवा गोळ्या झाडायच्या असतील. माझ्या बाबांचा असता तर मी तासला असता, ते काही म्हणाले नसते. दुसऱ्याचा कसा तासू? आणि बाबांनी केलेली कुठेतरी आहे. शनिवारी सगळी हत्यारं एका टेबलावर येतात."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर नाही."

मी तिला रस्ताभर बोल बोल बोलले. तिने वाळका गोळा मागून घेतला होता, तो खिशात होता, आणि हात खिशात होता. माझ्या एकाही वाक्याला तिने उत्तर दिलं नाही. बापाचीच लेक.

शनिवारी मी सुट्टी टाकून तिच्याबरोबर मैदानावर गेले. घरच्यांना सांगितलं, बँकेचं काम आहे. मैदान म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा, टोकाला मातीचा उंच बांध आणि बांधासमोर ओळीने लावलेले कागद. सावलीला लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, आणि त्यावर सगळ्या शाखांची रिव्हॉल्व्हरं मांडलेली. तीच बनावट, तोच आकार, फक्त मुठी वेगवेगळ्या. ती एका टोकापासून बघत निघाली, मी दुसऱ्या. काळं रबर, पांढरट लाकूड, चिरलेलं लाकूड, परत रबर. मधोमध भेटलो. तिने मान हलवली. मीही हलवली. तिच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही, आणि तेच मला बघवेना.

तेवढ्यात मागून एक धिप्पाड माणूस आला आणि त्याने टेबलावरचं एक रिव्हॉल्व्हर उचललं. मुठीला कापडी चिकटपट्टीचे एवढे वेढे होते की ते ठेचकाळलेल्या अंगठ्यासारखं दिसत होतं. मुख्य कचेरीच्या तिजोरीवरचा गार्ड, सगळे त्याला पैलवान म्हणतात. मी त्याच्या पंजाकडे बघितलं. मग त्या पट्टीकडे बघितलं.

"अहो पैलवान, ह्याच्याखाली काय आहे?"

"आठवण काढू नका, बाई," तो म्हणाला. "काडी आहे काडी. माझी चांगली अंगठ्याचा खड्डा असलेली मूठ होती, एकदा सफाईला दिली ती गेलीच. मिस्त्रीला सांगून दमलो."

मिस्त्री, म्हणजे बँकेची हत्यारं साफ करणारा माणूस, तिथेच तेलाची बाटली घेऊन बसला होता. त्याने वर न बघता सांगितलं, "नंबर तुझाच आहे ना? मग? सफाईला सगळ्यांची लाकडं एका डब्यात पडतात. परत लावताना जी हाताला येईल ती लावतो. आम्हांला नंबर जुळवून द्यायचा असतो, लाकूड नाही."

मी त्याला काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की सुरक्षा अधिकारी धावत आला आणि त्याने आधी मलाच शांत व्हायला सांगितलं, म्हणून मी त्यालाही सोडलं नाही. माणसाच्या हाताला नंबर असतो का, असं काहीतरी मी विचारत होते. शेवटी तो बिचारा म्हणाला, "बाई, एक स्क्रू फिरवायला माझी हरकत नाही. मिस्त्रीच्या हातून होऊ दे म्हणजे झालं." माणूस वाईट नव्हता.

पैलवानाने पट्टी सोडायला घेतली. वेढ्यामागून वेढा, संपतच नव्हती. शेवटचा वेढा निघाला आणि खालून बारीक, गडद मूठ बाहेर आली, डिंकाने चिकट झालेली. ना खड्डा, ना नक्षी. पुढच्या अंगाला चार खाचा, आणि खालची, करंगळीची, तिरकी.

तिने खिशातला वाळका गोळा काढून टेबलावर ठेवला. कोणालाच काही समजावून सांगावं लागलं नाही. मिस्त्रीनेसुद्धा मान खाली घालून दोन स्क्रू काढले आणि फळ्यांची अदलाबदल केली.

पैलवानाने आपलं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, अंगठा खड्ड्यात ठेवला आणि म्हणाला, "आलास का रे बाबा!" जणू हरवलेला भाऊ भेटला होता.

"तिथे माझा अंगठा असायचा," खांबताई त्याला म्हणाली. "रोज."

पैलवान गोंधळला. खड्ड्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "सांभाळलात चांगला," एवढंच त्याला सुचलं.

तिचा नंबर आला. तिने रुमालाने मुठीचा डिंक पुसला आणि हातात घेतलं. मी बाजूला उभी होते, मला दिसलं. बोटं आपोआप एकेका खाचेत जाऊन बसली, तळव्यात जागा म्हणून उरली नाही, आणि पहिलं बोट सरळ चापावर. पहिल्या दोन गोळ्या मातीत गेल्या, कारण तिला समोरचं दिसत नव्हतं. तिने बाहीने डोळे पुसले. मग एकेक करत उरलेल्या सगळ्या लागल्या. हात हलला नाही, मूठ फिरली नाही, आणि कागद आणला तेव्हा अधिकाऱ्याने दोनदा मोजलं. मी टाळ्या वाजवल्या. बाकी कोणी वाजवल्या नाहीत, तरी मी वाजवत राहिले.

हत्यारं बंद गाडीतून परत गेली आणि आम्ही दोघी बसची वाट बघत फाट्यावर उभ्या राहिलो. मला वाटलं होतं ती खूश असेल. ती आपला रिकामा उजवा हात उघडून बघत होती.

"ह्यात बाबांचा हात नाहीच, मॅडम," ती म्हणाली. "मी एवढी वर्षं शोधत होते तो. त्यांनी त्यात माझाच ठेवला होता. आता दिवसभर माझाच हात धरून उभं राहायचं."

"अगं, पण त्यांनी केवढा विचार केला तुझा!"

"केला ना. मूठवाल्याला सांगितला. मला नाही सांगितला." तिचा आवाज फाटला. "लांबीचा गोळा कशाला? हात पुढे कर म्हणाले असते तर केला असता मी. माप घ्यायला तरी धरायचा."

समोरून एक ट्रक गेला, धूळ उडाली, ती खाली बसेपर्यंत आम्ही दोघी तोंडाला पदर-रुमाल लावून उभ्या राहिलो.

"आणि आता घरी जाऊन सांगू कोणाला?" ती म्हणाली. "कुलूप काढायचं, दिवा लावायचा. बाबा असते तर मी दारातूनच ओरडले असते, बाबा, पास झाले, आठ लागल्या. ते नुसतं हं म्हणाले असते. मला राग आला असता."

माझी जीभ कधी कोणापुढे अडली नाही. तेव्हाही बोलण्यासारखं खूप होतं. माझ्या घरी जेवायला चल म्हणायचं होतं, बाप कसाही असला तरी बाप असतो असलं काहीबाही म्हणायचं होतं. पण ती माझ्याकडे बघतही नव्हती. ती समोर बघत होती, ताठ, दारात उभी राहते तशी.

"हं," मी म्हटलं.

तिने एकदम वळून माझ्याकडे बघितलं. हसते की रडते मला कळेना.

"परत म्हणा," ती म्हणाली.

बस वळणावर दिसायला लागली होती. मी तिचा हात हातात घेतला आणि परत म्हटलं.